नट-बोल्टवरचा कार्बन

युरोपचा सीबॅम, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाच्या कार्बन उत्सर्जनावरचा आकार, १ जानेवारी २०२६ पासून खरोखर लागू झालाय, पण आपल्याकडे अजून सप्लाय चेन ग्रीन करायची म्हटलं की लोक आधी इलेक्ट्रिक ट्रक आणि छतावरचं सोलर काढतात. चांगलंय हो ते, पण स्टीलच्या बोल्टवर सीबॅम ना वाहतूक मोजतो ना सध्या वीज! उत्सर्जनाचा खरा आकडा येतो तो बोल्ट बनवायला आपण विकत घेतो त्या वायर रॉडमधून, म्हणजे स्टीलच्या जाड तारेतून; तो रॉड कोळशावरच्या ब्लास्ट फर्नेसचा (भट्टीचा) की स्क्रॅप वितळवून केलेला, यातच सगळा फरक. पैसे तिकडचा इम्पोर्टर भरणार, मग तो भाव पाडणारच ना. म्हणून स्टील मिलकडून उत्सर्जनाचा खरा डेटा पीओमध्येच (खरेदी ऑर्डरमध्येच) मागा, नाहीतर युरोपने ठरवलेला डिफॉल्ट आकडा लागतो आणि तो बहुतेक महागच पडतो.