आमची वाटचाल : सिनाईची वाट, काकांचे उंट आणि बाईंची गोधडी

बरेच जण विचारतात की सह्याद्रीतले ट्रेक करणारी पुण्यातली दोन खोल्यांची फर्म थेट इजिप्तमधल्या सिनाईच्या वाळवंटात कशी पोचली, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो. फर्म 2009 ची. पहिली काही वर्षं राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, उन्हाळ्यात हिमालय, त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही, सगळे करतात तेच केलं पण नीट केलं आणि कधी कुणाला अर्ध्या वाटेत सोडलं नाही.

2014 च्या शेवटी मी एकटाच इजिप्तला गेलो होतो आणि नुवेबाला, म्हणजे अकाबाच्या आखाताच्या काठावर, एका चहावाल्याकडे आमच्या काकांची गाठ पडली. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आमच्या सगळ्या बॅचेस त्यांना काकाच म्हणतात आणि आता ते या हाकेला ओ देतात. बदू म्हणजे वाळवंटातले अरब, त्यांच्या मुझेना टोळीतले, तेव्हा तीन उंट होते. पाच दिवस त्यांच्याबरोबर चाललो, भाषा दोघांना मिळून पन्नास शब्द, पण संध्याकाळी शेकोटीच्या निखाऱ्यांत सरळ कणकेचा गोळा पुरून वर राख ओढायची, भाजला की काठीने झोडून राख उडवायची, ती लिब्बा नावाची भाकरी खाताना मला आजोळची चूल आठवली आणि तिथेच ठरवलं की आपली माणसं इथे आणायची.

लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या. दक्षिण सिनाई तसं नाही. तिथे ग्रॅनाइटचे नागडे डोंगर, मधून कोरड्या नद्या म्हणजे वाद्या, मध्येच खजुराची चार झाडं आणि एक विहीर. ऐन हुद्रा नावाचं मरूद्यान बघाल तर कळेल, पांढऱ्या खडकाच्या अरुंद घळीतून बाहेर पडलात की समोर एकदम हिरवं. त्याच भागात नवामिस आहेत, दगडी गोल थडगी, पाचेक हजार वर्षांपूर्वीची, सगळ्यांची दारं पश्चिमेला. सेंट कॅथरिनचा ख्रिस्ती मठ सहाव्या शतकातला. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला तिथे दगड वाचायची सवय कामाला येते, म्हणून मी म्हणतो की ही जागा आपल्या ट्रेकर मंडळींची आहे, नुसत्या टूरिस्टांची नाही.

2015 च्या मार्चमध्ये सहा जणांची पहिली बॅच नेली. त्याच वर्षी तराबीन, मुझेना आणि जबालिया या तीन टोळ्यांनी मिळून सिनाई ट्रेल उघडली, समुद्रापासून कॅथरिन शिखरापर्यंत साधारण 220 किलोमीटर. आमची वाट त्यातलाच एक तुकडा, सहा दिवसांची. तिथली एक पद्धत समजून घ्या. ज्या टोळीची हद्द, त्याच टोळीचा वाटाड्या आणि त्याच टोळीचे उंट. मुझेनांची हद्द संपली की काका सामान उतरवतात, पुढे जबालियांची माणसं येतात, नवे उंट, नवी दोरी, पुन्हा चहा. आपल्याकडच्या काही ऑपरेटर मंडळींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला वाटत नाही, त्यामुळेच तिथे प्रत्येक घराला काम मिळतं आणि कुणी कुणाच्या पोटावर पाय देत नाही.

आता खोगिराबद्दल सांगतो, कारण याच्यावर कुणी लिहीत नाही. सिनाईतलं खोगीर म्हणजे लाकडी सांगाडा, पुढे एक खुंटा, मागे एक खुंटा. खाली गवत भरलेल्या गाद्या, वर घोंगडं, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या विणलेल्या पिशव्या म्हणजे खुर्ज, त्यात तुमची सॅक, पीठ, पाण्याचे कॅन. एक पाय पुढच्या खुंट्याभोवती दुमडून बसायचं. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, तुम्ही तोंडावर आपटायला निघता, तेव्हा मागे झुका. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागेच झुका. जीन्स अजिबात घालू नका, आतली शिवण दुसऱ्या दिवशी मांड्या सोलते. सैल सुती पायजमा घाला. आणि अर्धा दिवस चाला, अर्धा दिवस बसा, सहा दिवस नुसतं बसून राहिलात तर कंबर धरते आणि उंटालाही त्रास होतो.

पहिल्या बॅचमध्ये नाशिकच्या एक बाई होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय 60 पूर्ण. बाईंनी सॅकला बांधून एक गोधडी आणली होती, जुन्या नऊवारीची, लाल-हिरवे चौकोन आणि काठाला त्यांच्या आईने घातलेला धावदोरा, एवढा बारीक की बोट फिरवलं तर जेमतेम लागावा. पहिल्याच दिवशी दुपारी लाकूड टोचायला लागलं तेव्हा त्यांनी ती चौपदरी करून खोगिरावर टाकली. काकांनी उंट थांबवला, खाली उतरायला लावलं, गोधडी हातात घेऊन उलटसुलट बघितली, टाका नखाने तपासला, मग स्वतःच्या हाताने परत नीट पसरून दोन्ही खुंट्यांना बांधून दिली. तेव्हापासून ते बाईंना हज्जा म्हणतात, मोठ्या बाईमाणसाला मानाने म्हणतात तसं, आणि तेव्हापासून आमच्या प्रत्येक बॅचबरोबर माणशी एक गोधडी जाते. माझी बायको आणि तिच्या दोन मावशा मिळून शिवतात. गोधडीला पर्याय नाही, जेल कुशन आणून बघितल्या, उन्हात तापून फुटल्या.

नोव्हेंबर 2015 ची बॅच 14 जणांची होती. फर्मच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं बुकिंग, पंधरा दिवसांनी निघायचं होतं. 31 ऑक्टोबरला शनिवारी शर्म अल शेखहून उडालेलं रशियन विमान सिनाईवर पडलं, 224 माणसं गेली. पुढच्या आठवड्यात बॉम्बच्या संशयावरून ब्रिटनने शर्मची विमानं थांबवली, मग रशियाने सगळ्या इजिप्तचीच. माझा फोन रविवारी सकाळपासून वाजायला लागला आणि बुधवारपर्यंत 14 पैकी 11 जणांनी कॅन्सल केलं. मी कुणालाही दोष देत नाही, घरच्यांना काय सांगणार होते ते. पण तिकिटं ग्रुपची, इश्यू झालेली, आणि आमची विमानं मुंबई-कैरो, ती उडतच होती, त्यामुळे फ्लाइट रद्द नाही तर रिफंड नाही असं एअरलाइनचं सरळ उत्तर आलं. काकांना अर्धी रक्कम आधीच पोचवलेली होती. मी प्रत्येकाला व्हिसाची फी सोडून सगळे पैसे परत दिले, एकालाही थांबवलं नाही, आणि त्यासाठी टेम्पो ट्रॅव्हलर विकली, तंबू विकले, बायकोच्या शाळेच्या पगारावर घर चाललं.

हे सगळं सोसलं असतं. जे लागलं ते वेगळंच. याच शहरातला एक जण, ज्याला मी माझ्या हाताने रॅपलिंगच्या गाठी शिकवल्या, चार वर्षं माझ्या बॅचेसना लीडर म्हणून पाठवलं, त्याने तेव्हा नुकतंच स्वतःचं काम सुरू केलं होतं. त्याने सगळ्या ट्रेकर ग्रुपवर मेसेज फिरवला की हे लोक पैशांसाठी आपल्या माणसांना अतिरेक्यांच्या तोंडी देतात, वाटाडे कोण आहेत त्याची यांना माहिती नाही. काकांबद्दल हे. ज्या माणसाने बाईंचा ताप उतरेपर्यंत रात्रभर उशाशी बसून पाणी पाजलं त्याच्याबद्दल. अतिरेकी उत्तर सिनाईत आणि आमची वाट दक्षिण सिनाईत, यातलं अंतर त्याला माहीत होतं, नकाशा मीच दाखवला होता त्याला. तो मेसेज आमच्या हिमालयाच्या बुकिंगलाही भोवला, पुढच्या मे महिन्यात दोन बॅचेस रिकाम्या गेल्या.

डिसेंबरमध्ये काकांचा फोन आला, पुतण्या इंग्रजीत सांगत होता. मला वाटलं उरलेले पैसे मागतील. ते म्हणाले, तुझ्या पैशाचा मी उंटांसाठी चारा आणि दाणा भरून ठेवलाय, पैसे परत देऊ शकत नाही, पण तुझे सहा दिवस माझ्याकडे बाकी आहेत, केव्हाही ये. तेव्हा तिथे परदेशी माणूस औषधाला नव्हता. शेजारपाजारचे लोक उंट विकून मोकळे होत होते कारण बसून खाणारा उंट परवडत नाही. काकांनी एकही विकला नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये आम्ही गेलो, कॅन्सल न केलेले तिघं, त्यात बाई, शिवाय मी आणि बायको. पाच माणसं, सहा दिवस. शेवटच्या दिवशी मी उरलेला हिशोब काढला तर काकांनी माझी वही मिटली आणि चहा ओतायला लागले. पैसे घेतलेच नाहीत. मी आजही त्या वाटेवर दुसऱ्या कुणाबरोबर काम करत नाही, कुणी कितीही स्वस्त दर दिला तरी.

नंतरची वर्षं बरी गेली. कोविडमध्ये सगळ्यांसारखंच बसलो, ऑक्टोबर 2023 नंतर गाझाच्या युद्धामुळे पुन्हा एक सीझन गेला, पण आता रिझर्व्ह ठेवायला शिकलोय.

2022 मध्ये मेसेज फिरवणाऱ्या त्याच माणसाने सिनाईची जाहिरात काढली. ज्या जागेला त्याने अतिरेक्यांचं तोंड म्हटलं होतं तीच जागा. आयटिनररी आमची, दिवसांची नावंसुद्धा आमची, आणि वरचा मोठा फोटो ऐन हुद्राच्या उतरणीवरचा, त्यात उंटाच्या पाठीवर लाल-हिरव्या चौकोनांची गोधडी. बाईंच्या आईची गोधडी. बाईंनीच मला तो फोटो पाठवला आणि लिहिलं, "ही आपलीच ना?" मी त्याला फोन केला तर म्हणाला फोटो इंटरनेटवरचा आहे. प्रत्यक्षात त्याची ट्रिप म्हणजे जीपने कॅम्पवर जायचं, संध्याकाळी अर्धा तास उंटावर बसवून फोटो, बाकी सगळी खोगीरभरती. पुढे त्याचा माणूस काकांकडेही गेला होता, जास्त दर घेऊन. काकांनी त्याला जेवू घातलं, झोपायला जागा दिली आणि सकाळी सांगितलं की तुमच्या लोकांना जीप पाहिजे, जीपवाले रस्त्यावर मिळतील. हे मला पुतण्याने सांगितलं, काका कधी बोलले नाहीत.

या धंद्यात नवीन येणाऱ्या मुलांना काही गोष्टी सांगतो. वाटाड्याला अॅडव्हान्स स्वतः द्या, मधल्या एजंटच्या हातात देऊ नका, आणि तोही सीझनच्या आधी द्या, कारण दाणा तेव्हा भरावा लागतो. परमिट म्हणजे तसरीह हातात आल्याशिवाय ग्रुपची तिकिटं इश्यू करू नका, भाडं वाढलं तरी चालेल. माणशी रोज पाच लिटर पाणी धरा, अंघोळीचं नाही, प्यायचं आणि स्वयंपाकाचं. ओलं झाड तोडू देऊ नका, तिथे बाभळीच्या जातीचं सय्याल असतं, बदू त्याची हिरवी फांदी तोडत नाहीत, वाळलेलंच जाळतात, आणि आपल्या ग्रुपमधल्या एखाद्या उत्साही मुलाने तोडली तर मान खाली घालावी लागते वाटाड्याला. रात्री उंटांच्या पुढच्या पायांना दोरी बांधतात, आपण पायबंद म्हणतो तोच, ती सोडायला जाऊ नका, उंट चरत चरत कुठल्या कुठे जातो आणि सकाळचे दोन तास शोधण्यात जातात, आमचे गेलेत.

काका आता थकलेत, बहुतेक वेळा पुतण्याच पुढे चालतो, पण पहिल्या मुक्कामापर्यंत ते येतातच. उंट तीनाचे सात झालेत. बाई 71 च्या आहेत, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी फेब्रुवारीच्या बॅचमध्ये पहिलं नाव त्यांचंच आलंय, पाचव्यांदा. ती जुनी गोधडी 2019 मध्ये त्यांनी काकांच्या घरी ठेवली. मी मागच्या खेपेला गेलो तेव्हा ती उंटावर नव्हती, आत पाहुण्यांच्या बैठकीवर अंथरलेली होती आणि काकांनी मला तिच्यावर बसवलं. फेब्रुवारीसाठी नवीन 12 गोधड्या शिवायला घेतल्यात, 7 झाल्यात. जुन्या सुती साड्या कुणाकडे असतील तर कळवा, सिंथेटिक नको, घाम शोषत नाही.