तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी गावात शिकलात, मग ठाण्याच्या घोडबंदर रोडवर भीती नाही वाटत?

सोसायटीत, ऑफिसात, परवा तर पार्लरमध्येसुद्धा हेच. मी मुरबाडकडे सासरी गाडी शिकले हे कळलं की पहिला प्रश्न हा, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा ठरलेला, "आमचंपण गाव आहे, तिकडेच शिकून घेऊ का?" तर एकदाच सविस्तर लिहून टाकते. घ्या शिकून. फक्त गावात रस्ते मोकळे असतात म्हणून सोपं जाईल, असं डोक्यात असेल तर ते काढून टाका.

कसले मोकळे! आमचं गाव चार घरांची वाडी नाही, चांगलं मोठं आहे, आठवड्याचा बाजार भरतो, हायस्कूल आहे, नाक्यावर टमटम आणि इको सीट भरायची वाट बघत उभ्या, एसटी तिथेच वळते आणि त्या सगळ्यातून म्हशी, कोंबड्या, शाळेतून सुटलेली पोरं, विटा भरलेला टेम्पो. मुरबाडला अजून रेल्वे पोचलेली नाही त्यामुळे जे काही येतंय-जातंय ते रस्त्यानेच. म्हशीला हॉर्न दिलात तर ती चालायची थांबते आणि मान वळवून तुमच्याकडे बघते, झालं, आता तिची मर्जी. आणि रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत उभे असलेले दोन म्हातारे असतील तर हॉर्न वाजवणं म्हणजे अपमानच, काच खाली करून "येऊ का ओ बाबा" म्हणायचं, मग ते बाजूला होतात, वर "कुणाची सून गं तू" हेही विचारून घेतात.

मला शिकवलं सासऱ्यांनी. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर्ड. दिवाळीनंतर भात कापून झालं की खाचरं वाळून टणक होतात, आमचं एक रस्त्यालगतचं आहे, त्यात गाडी उतरवली आणि मला वाटलं आता पहिला गिअर वगैरे. तर बाबा म्हणे, "आधी मागं घ्यायला शीक. पुढं काय, कुणीपण जातं." मग रिव्हर्स. नुसता रिव्हर्स. बांधापर्यंत सरळ मागे, मग आरशात बघून डावीकडे, मग मान मागे वळवून, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, जेवढी सरकेल तेवढीच. नवरा बांधावर बसून हसत होता, त्याला बाबांनी घरी पाठवलं.

एवढं रिव्हर्स कशाला ते गावातून शेजारच्या वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेल्यावर समजलं. एकच गाडी मावेल एवढं डांबर, दोन्ही बाजूंनी माती खचलेली, आणि समोरून पेंढ्याने भरलेला पिकअप. आता मागे कोण जाणार? भरलेली गाडी मागे जात नाही, हा तिकडचा रिवाज, आणि चढावर असेल तर नियमही हेच सांगतो की उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची. म्हणजे बहुतेक वेळा मागे जाणार कोण, तर रिकामी कार घेऊन फिरणारी मी. त्यातून माझी नंबरप्लेट एमएच ०४, ठाण्याची गाडी, तिला सगळे लांबूनच "घ्या, घ्या" करतात. पण तो पिकअपवाला जाताना हात वर करतो ना, त्याने जो कॉन्फिडन्स येतो तो कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला राब भाजतात तेव्हाचं वेगळंच. भाताची रोपं जिथे करायची त्या जमिनीवर पालापाचोळा, शेण, गवत पसरून जाळतात, आणि वारा फिरला की तो धूर आडवा रस्त्यावर. पुढचं काहीही दिसत नाही. बाबांनी तिथे मला कडेला घ्यायला लावली, लाईट लावून गप्प बसायला सांगितलं. "अहो पण वेळ होतोय", मी. "होऊ दे," म्हणाले.

माझ्या मते गावात खरं शिकायचं ते हेच, थांबणं आणि मागे घेणं. घोडबंदरला, गायमुखच्या चढावर ट्रकच्या मागे सरकत जाताना हाफ क्लच आणि सबुरी या दोनच गोष्टी उपयोगी पडतात, आणि त्या मी खाचरात शिकले. म्हणून भीती नाही वाटत.

बाकी गाव शिकवत नाही असंही बरंच आहे. लेन नावाची वस्तू मला ठाण्यात येऊन कळली. सिग्नल, डावीकडून घुसणाऱ्या बाईक, फ्लायओव्हरवर चढायचं की खालून जायचं हे कापूरबावडीला आयत्या वेळी ठरवायची पळापळ, बेसमेंटच्या पार्किंगचा तो वळणाचा रॅम्प, हे सगळं इथेच, रविवारी सकाळी लवकर उठून करावं लागतं, त्याला पर्याय नाही.

आणि "गावात कोण विचारतंय लायसन" हे प्लीज नको. गावातला रस्ताही सार्वजनिक रस्ताच. आधी लर्निंग काढा, आता टेस्ट घरबसल्या ऑनलाईन देता येते, ते सहा महिने चालतं आणि तीस दिवस झाले की पक्क्या लायसनच्या टेस्टला जाता येतं. पुढे-मागे लाल एल लावा, शेजारी लायसनवालं माणूस बसवा. आणि सुट्टीत गावी गेल्यावर सोळा वर्षांच्या भाच्याच्या हातात कौतुकाने चावी देणारे मामालोक असतात ना, त्यांच्यासाठी: २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कौतुक महागात पडेल.

जायचं कधी, तर दिवाळीनंतर, खाचरं सुकली की. पावसात अजिबात नको, सगळीकडे लावणीचा चिखल. आणि पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावची यात्रा असते, तेव्हा त्या बाजूला बैलांचे टेम्पो, घोंगड्यांची दुकानं, पाळणे आणि माणसंच माणसं. तेवढे दिवस गाडी ठाण्यातच ठेवा आणि एसटीने या, यात्रा बघायला मात्र नक्की या.