खोकं नको, पुडी घ्या

उन्हाळा लागला की जेलरोडच्या आमच्या मेडिकलवर एक मागणी ठरलेली. "भाऊ, बाळाला जुलाब होतायत, ओआरएस द्या. पुडी नको हो, थुंकून टाकतो तो. ते ऑरेंजचं खोकं द्या." मी ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पावडरीची, पुडीच काढतो; त्या खोक्यात तयार गोड पेय असतं. कुणी चिडतं, कुणी पुढच्या दुकानात जातं. जाऊ दे. जुलाब लागलेल्या लेकराच्या बाबतीत मी गिऱ्हाइकाचं ऐकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम असतं. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शरीरात जातं. साखर फार झाली की उलटं होतं. पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात. आता खोक्याची मागची बाजू वाचा. १०० मिलीला साखर १० ग्रॅम छापली असेल, तर लिटरला १०० ग्रॅम झाली! पुढच्या बाजूला मात्र संत्र्याची फोड आणि मोठ्या अक्षरांत 'इलेक्ट्रोलाइट'.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अशा गोड पेयांना ओआरएस म्हणून विकण्याविरुद्ध कित्येक वर्षं लढल्या. २०२२ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 'हे ओआरएस नाही' अशा अर्थाची सूचना छापायच्या अटीवर या पेयांच्या नावात ओआरएस वापरायची मुभा दिली होती. रडणारं मूल कडेवर घेऊन रात्री दुकानात आलेली आई ती इंग्रजी ओळ कधी वाचणार? १४ ऑक्टोबर २०२५ ला ती मुभा काढून घेतली गेली, तेव्हा मला फार बरं वाटलं. पण लोक अजून जुन्याच नावाने खोकं मागतात.

पुडी घेतलीत तर तिच्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. लिटरची पुडी असेल तर अख्खी पुडी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात. ग्लासात चिमूटभर टाकून प्रमाण जुळत नाही. चमच्या-चमच्याने पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. मूल सुस्त पडलं, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसलं, तर माझ्याकडे येऊ नका, थेट डॉक्टर गाठा. आणि पैशांची अडचण असेल तर आशाताईंना विचारा, सरकारी दवाखान्यात पुडी फुकट मिळते.