परदेशी फोन-इन ऐकताना

परदेशी टॉक रेडिओ ऐकायचा तर बातम्यांपासून सुरुवात करू नका. बातमीपत्र लंडनचं असो की ऑकलंडचं, साचा साधारण एकच. देश कळतो तो श्रोत्यांच्या फोनमधून आणि बारीकसारीक स्थानिक निवेदनांमधून. आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं तेवढंच. त्यामुळे राजकारणावर तास-तास फोन घेणारं स्टेशन ही चीज आपल्या कानाला नवीनच.

माझं मत विचाराल तर पहिला नंबर आयर्लंडचा. आरटीई या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओ 1 वर दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला कार्यक्रम थांबवून एंजेलसच्या, म्हणजे कॅथलिक प्रार्थनेच्या, घंटा वाजतात. तीन, तीन, तीन आणि मग सलग नऊ. 1950 पासून हे चालू आहे. सार्वजनिक रेडिओवर चर्चची घंटा कशाला, हा वाद तिथेही होतो, पण घंटा काही थांबलेली नाही. दुपारच्या बातम्यांनंतर 'लाइव्हलाइन' लागतो. 1999 ते 2025 हा कार्यक्रम निवेदक जो डफी यांनी चालवला. एखादी बाई फोन करून आपली तक्रार सविस्तर सांगते, ते ऐकून तसाच अनुभव आलेले आणखी दोघे-तिघे लाइनवर येतात आणि ते आपसांतच बोलू लागतात, तेही थेट पहिल्या नावाने. निवेदक मधूनमधून 'बरं, मग?' एवढंच म्हणतो. मत कुणी विचारत नाही, हकीकत विचारतात.

याहून खास म्हणजे तिथल्या स्थानिक स्टेशनांवरच्या निधनवार्ता. मेयो परगण्यातलं मिडवेस्ट रेडिओ किंवा रेडिओ केरी लावून बघा. गंभीर, सावकाश आवाजात नाव, लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव, गावाबरोबर वाडीचंही नाव, दर्शन कुठल्या फ्युनरल होममध्ये किती ते किती, मास (प्रार्थनाविधी) कुठल्या चर्चमध्ये आणि दफन कुठे. शेवटी 'घर खाजगी' असं आलं तर घरी भेटायला येऊ नका, आणि 'फुलं फक्त घरच्यांची' असं आलं तर हारतुऱ्यांऐवजी अमुक संस्थेला देणगी द्या. आपल्या पेपरातल्या 'दुःखद निधन'च्या चौकटीसारखंच, फक्त तिथे ते उद्यापर्यंत थांबू शकत नाही. दफन बहुधा दोन-तीन दिवसांत होतं आणि ओळख जुजबी असली तरी अंत्यविधीला जायची रीत आहे, म्हणून खबर त्याच दिवशी पोचावी लागते.

अमेरिकेत सगळं उलट. 1987 मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या प्रसारण नियामक संस्थेने, 'फेअरनेस डॉक्ट्रिन' रद्द केलं, वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडायचं बंधन गेलं आणि पुढच्याच वर्षी उजव्या विचारांचे निवेदक रश लिंबॉ देशभर ऐकू येऊ लागले. तिथे फोन आधी स्क्रीनर घेतो. नाव, गाव आणि मुद्दा एका ओळीत निवेदकाच्या स्क्रीनवर जातो. मुद्दा पटकन आला नाही की फोन कट. एनपीआर या सार्वजनिक रेडिओ जाळ्याची सदस्य स्टेशनं वेगळी, शांत. पण त्यांची देणगी मोहीम चालू असली की कार्यक्रम अर्ध्यावर तोडून पैसे मागतात, न लाजता. प्रायोजकाचं नाव मात्र बिचकत घेतात, कारण अव्यापारी स्टेशनला किंमत सांगायला किंवा 'आजच या' म्हणायला मनाई आहे.

ब्रिटन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. ऑफकॉम या तिथल्या प्रसारण नियामकाच्या नियमांमुळे एलबीसी या खाजगी टॉक स्टेशनवर निवेदकाला स्वतःचं मत मांडता येतं, पण विरुद्ध मतालाही पुरेशी जागा द्यावी लागते. त्यामुळे विरोधी बोलणारा माणूस तिथे बराच वेळ टिकतो. बीबीसी रेडिओ 4 वरचा 'एनी क्वेश्चन्स' 1948 पासूनचा. दर आठवड्याला वेगळ्या गावात जाऊन तिथल्या लोकांचे प्रश्न घेतात, आणि शनिवारी दुपारी पुनर्प्रसारणानंतर 'एनी आन्सर्स'मध्ये श्रोते फोनवरून उत्तरं देतात.

जवळजवळ प्रत्येक देशात एक वाक्य सारखंच ऐकू येतं, 'तुमचा रेडिओ आधी बंद करा.' शिवीगाळ गाळता यावी म्हणून प्रसारण काही सेकंद मागे ठेवलेलं असतं. घरचा रेडिओ चालू राहिला तर फोन करणाऱ्याला स्वतःचाच आवाज उशिराने ऐकू येतो आणि तो बोलायचा थांबतो. इंटरनेटवर त्यात आणखी अर्धा-एक मिनिट भर पडते, तेव्हा एंजेलसच्या टोल्यांवर घड्याळ लावू नका.

वेळेचा घोळ मार्चमध्ये होतो. अमेरिका घड्याळ पुढे करते मार्चच्या दुसऱ्या रविवारी, ब्रिटन-आयर्लंड शेवटच्या. उन्हाळ्यात लंडन-डब्लिन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. न्यूयॉर्क साडेनऊ आणि साडेदहा. मधल्या दोन-तीन आठवड्यांत अमेरिकी कार्यक्रम तासभर आधी लागतो आणि आयरिश आपल्या जागी राहतो.

बोलणं ऐकायला 64 केबीपीएसची (सेकंदाला 64 किलोबिट) स्ट्रीम भरपूर झाली. तासाला साधारण 29 एमबी जातात, 128 ला दुप्पट. रेंज कच्ची असेल तर कमीचीच निवडा. 2025 च्या जुलैपासून बीबीसी साउंड्स हे रेडिओचं अ‍ॅप ब्रिटनबाहेर बंद आहे, रेडिओ 4 साठी बीबीसीचं मुख्य अ‍ॅप घ्यावं लागतं. काही अमेरिकी खाजगी स्टेशनं भारतात उघडतच नाहीत. आणि सामन्याच्या वेळी चालू स्टेशन अचानक गप्प झालं किंवा एकच सूचना परत परत ऐकू आली, तर अ‍ॅप काढून पुन्हा टाकत बसू नका. समालोचनाचे हक्क त्या देशापुरते असतात; सामना संपला की आवाज आपोआप परत येतो.