फक्की

शाळेत असताना मैदानाशी माझा संबंध फक्कीपुरता होता. संघात माझं नाव एकदाही लागलं नाही. पण सामन्याच्या सकाळी सुतळी ताणून, भोकाचा डबा हलवत सरळ रेघ मारणं मला जमायचं, म्हणून पी.टी.चे सर मलाच हाक मारायचे. "सुतळीकडं बघू नको, समोरच्या खांबाकडं बघ," हे त्यांचं ठरलेलं. दुपारी घरी जाईपर्यंत भुवया, केस, चड्डी सगळं पांढरं. आई विचारायची, गिरणीत कामाला लागलास काय रे?

2022 साली एम.एस. करायला मी मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बरला गेलो. तिथला फुटबॉल हातानं खेळतात. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेच्या मॅचला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर घसा बसवून घेतलेल्या माणसाला हे पचायला जड होतं. तरी रूममेटच्या आग्रहानं गेलो. बाहेरून ते स्टेडियम काहीच वाटत नाही, कारण त्याचा बराचसा भाग जमिनीच्या पोटात आहे. फाटकातून आत शिरलो आणि थबकलोच. खासबागचं कुस्ती मैदानच की! फक्त आपली कुस्ती बघायला बसतात त्याच्या कितीतरी पट, 1,07,601 माणसांसाठी केलेली. मग खाली मैदान दिसलं. दर पाच यार्डाला आडवी रेघ, मध्ये आणखी बारक्या रेघा. मनात पहिला विचार आला तो एवढाच, की एवढी फक्की!

खेळ मला त्या रेघांमुळंच कळला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. पुढच्या फळीत धिप्पाड पोरं कबड्डीतल्यासारखी वाकून बसतात. त्यांच्या हातात सहसा चेंडू येत नाही. मागच्याला वाट करून द्यायची आणि पडलं की उठून परत वाकायचं. माझं लक्ष कायम त्यांच्यावरच.

2023 चा हंगाम हा याच फळीचा होता. मिशिगननं 15 सामने खेळले आणि 15 जिंकले. प्रशिक्षक जिम हार्बो त्यातल्या सहा सामन्यांना मैदानावर नव्हते. पहिले तीन विद्यापीठानंच त्यांना बाहेर बसवलं, आणि साखळीतले शेवटचे तीन प्रतिस्पर्ध्यांच्या खाणाखुणा चोरल्याच्या प्रकरणात बिग टेन या विद्यापीठांच्या साखळीनं. या प्रकरणावर आमच्या खोलीत दोन तट होते. मी गप्प बसायचो. पण पेन स्टेटविरुद्ध हार्बोंच्या जागी साहाय्यक शेरॉन मूर उभा राहिला आणि संघ सलग 32 वेळा चेंडू न फेकता नुसता पळत पुढं गेला. समोरच्याला सगळं दिसत होतं, तरी अडवता येत नव्हतं. यात चोरण्यासारखं काय उरलं?

25 नोव्हेंबरला ओहायो स्टेट. आमच्या पेठांचं वैर त्यापुढं गोड वाटावं. त्या आठवड्यात ओहायोवाले आपल्या आवारातल्या पाट्यांवरच्या 'एम' अक्षरावरसुद्धा लाल फुली मारतात. 17-17 अशी बरोबरी असताना आमच्या पुढच्या फळीतला 65 नंबरचा झॅक झिंटर पाय मोडून पडला. लाखभर माणसं चिडीचूप. त्याला गाडीवरून बाहेर नेलं आणि लगेचच्या डावात ब्लेक कोरम 22 यार्ड पळत थेट शेवटच्या रेघेपलीकडं गेला. तिथं त्यानं बोटांनी आधी सहा, मग पाच दाखवले. शेजारचा अनोळखी म्हातारा माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होता. सामना 30-24 असा जिंकला.

1 जानेवारीला पासाडेनात उपांत्य सामन्यात अलाबामाविरुद्ध जीव टांगणीला लागला. शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी साधली, जादा वेळेत 27-20. अलाबामाचा शेवटचा प्रयत्न रेघेपासून तीन यार्डांवरून होता, आणि तिथं आमची फळी हलली नाही. मग 8 जानेवारीच्या रात्री ह्यूस्टनमध्ये अंतिम सामन्यात, तोवर न हरलेल्या वॉशिंग्टनला 34-13 असं हरवलं. 1997 नंतरचं पहिलं विजेतेपद. इकडं अ‍ॅन आर्बरला साऊथ युनिव्हर्सिटी रस्त्यावर तोबा गर्दी झाली.

त्या गर्दीतूनच मी सरांना फोन लावला. कोल्हापुरात 9 तारखेची सकाळ होती, सर चहा पीत होते. मी अर्धा तास झिंटर, कोरम, तीन यार्ड असं काय काय सांगत सुटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एवढ्या रेघा म्हणतोस, फक्की कोण मारतंय?"

"गवत कृत्रिम असतंय सर. रेघा त्यातच असतात. मारायला लागत नाहीत."

पलीकडं कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

"मग संघात नसलेल्या पोरांना काय काम देतात?"