पिंपळ, फटाके आणि वाघळाचं तेल

मे 2018 चा शेवटचा आठवडा. केरळात कोझिकोडजवळच्या पेरांब्र्यात निपाह विषाणूने माणसं दगावत होती, आणि टीव्हीवर बातमीसोबत दिवसभर वटवाघळं लटकत होती. दुपारी डहाणू तालुक्यातल्या एका गावातून सरपंचांचा फोन आला. "म्याडम, आमच्या पिंपळावर वाघळांची वस्ती आहे. पोरांनी फटाक्यांची माळ आणलीय. तुम्ही एकदा येऊन बघा."

पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नोंदवहीत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी असे रकाने असतात. वाघळाला रकाना नाही. तरी व्रणोपचारकाला, म्हणजे दवाखान्यातल्या मलमपट्टी करणाऱ्या मदतनिसाला, सोबत घेऊन निघाले.

पोचेपर्यंत अर्धी माळ वाजून झाली होती. मोठी फळवाघळं, पंख पसरले तर चार-पाच फुटांची, टळटळीत उन्हात वस्तीवर घिरट्या घालत होती. काहींच्या पोटाला पिल्लं चिकटलेली. खाली कौलांवर, अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर मुताचा शिडकावा. निपाह वाघळाच्या लाळेतून आणि मुतातून बाहेर पडतो. ज्याची भीती, तेच ही मंडळी फटाके लावून गावभर शिंपडून घेत होती. मी आधी टाक्यांवर झाकणं घालायला लावली, मग माळ काढून घेतली.

वनरक्षक म्हणाले, "म्याडम, कायद्याने अडवता नाही येणार." खरं होतं. तेव्हा फळवाघळं उंदरांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. ती यादी 2022 च्या दुरुस्तीत गेली.

एवढ्यात एक तरुण गोणपाट घेऊन आला. आत पंख फाटलेली मादी. त्याने ती उघड्या हातांनी उचलली होती आणि मनगटावर ओरखडे होते. कशाला उचललीस? "आयशीच्या गुडघ्याला. तेल काढतात ना."

त्या दिवशी मला खरी धास्ती वाटली ती इथे. झाडावरचं वाघूळ झाडावर असतं. ते सोलणारा, चरबी कढवणारा माणूस त्याच्या रक्तात, लाळेत कोपरापर्यंत हात घालतो. हात साबणाने भरपूर वेळ धुवायला लावले आणि त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. वाघूळ ओरबाडलं की रेबीजची लस घ्यायची, यात घासाघीस नाही. माझी स्वतःची आधीच झालेली होती.

दुहेरी हातमोजे, मास्क, चष्मा चढवून मादी टॉवेलात धरली, तर फरमधून कोळ्यासारखं काहीतरी सरसरत माझ्या हातमोज्यावर आलं. व्रणोपचारक दोन पावलं मागे. "म्याडम, हाच का तो निपाह?" ती वाघूळमाशी होती. पंख नसलेली, चपटी, डोकं पाठीवर दुमडून ठेवणारी, वाघळाचं रक्त पिऊन जगणारी. अंडी घालत नाही. अळी आईच्या पोटातच वाढते आणि आई ती वस्तीच्या जागी चिकटवून येते. यजमानाचं अंग सुटलं की तिचे दिवस भरतात, माणसात तिला रस नाही. तरी चिमट्याने उचलून स्पिरिटमध्ये टाकली.

मग पारावर प्रश्न सुरू झाले. पेरांब्र्यात दगावलेल्या कुटुंबाच्या विहिरीत सापडलेल्या वाघळांचं काय? ती किडे खाणारी निघाली, त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत निगेटिव्ह आले. (पुढे त्याच भागातल्या फळवाघळांत विषाणू सापडला.) आंबे खायचे का? उष्टे, टोचलेले नाहीत. बाकीचे धुऊन, सोलून खुशाल खा. वाघळं स्वतः का मरत नाहीत? त्यांचं शरीर विषाणूला मर्यादेत ठेवतं, पण माणसाला घातक ठरणारा दाह उसळू देत नाही.

माझ्या धंद्यातली गोष्ट मी जरा रंगवून सांगितली. मलेशियात 1998 साली डुकरांच्या गोठ्यांशेजारी फळझाडं होती. वाघळांची उष्टी फळं खाली पडली, ती डुकरांनी खाल्ली आणि डुकरांकडून माणसांना लागण झाली. शंभरावर माणसं गेली, दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. गावात डुकरं पाळणारी दोन घरं होती. त्यांनी खुराडी आंब्याखालून हलवायचं कबूल केलं.

सगळ्यात चांगला प्रश्न एका ताडी काढणाऱ्या आजोबांचा. "रात्री मडक्यावर वाघळं बसतात, मी बघितलीत. मग?" बांगलादेशात नेमकं हेच झालंय. तिथे खजुराचा कच्चा रस रात्रभर उघड्या मडक्यात गळतो, वाघळं चाटतात, मुततात आणि सकाळी लोक तो तसाच पितात. काही गाछी, म्हणजे तिथले रस काढणारे, बुंध्याच्या खाचेपासून मडक्यापर्यंत बांबूच्या कामट्यांचा पडदा बांधतात. तो कसा, हे मी मातीत काढून दाखवलं. आजोबांनी माझं चित्र पुसलं आणि चुडतांचा कसा जमेल ते स्वतः काढलं.

मादी संध्याकाळी मेली. दवाखान्यामागे खोल खड्डा खणून चुना टाकून पुरली.

दुसऱ्या दिवशी तो तरुण दारात हजर. लस घेतली होती, कार्ड दाखवलं. मग हळूच, "म्याडम, ती पुरली कुठे? चरबी खराब नसेल झाली अजून." मी कार्डावरची पुढच्या सुईची तारीख त्याला मोठ्याने वाचायला लावली आणि आईला दवाखान्यात आण, गुडघ्याचा एक्स-रे काढू म्हटलं. "तुमच्या दवाखान्यात?" त्याने विचारलं.