प्रॉक्सीला उभी राहणारी माणसं

हौशी नाटकाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. शाळा उघडतात, पावसाची पहिली झोड ओसरते आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या ज्या शाळेचा हॉल आम्हाला संध्याकाळी वापरायला मिळतो, तिथं संहितेचं पहिलं वाचन होतं. जुलैत पात्रनिवड, ऑगस्टमध्ये तालमी. गणपतीत सगळं विस्कटतं, कारण आमची निम्मी मुलं कुठल्या ना कुठल्या मंडळाची कार्यकर्ती, काही ढोलपथकात. नवरात्र संपलं की मग खरी घाई. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, त्याच्या आगेमागे दिवाळी, आणि तोवर राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचं वेळापत्रक डोक्यावर येऊन बसलेलं असतं. स्पर्धा झाली की जानेवारीत एकांकिका, मग जमतील तसे नाटकाचे पुढचे प्रयोग, मे महिन्यात मुलांचं शिबिर. की परत जून.

मी आमच्या हौशी नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टर आहे, म्हणजे बाजूला बसून नटांना वाक्यं वाचून देणारी. संहितेची मुख्य प्रत, हजेरीची वही आणि हॉलची किल्ली माझ्याकडे असते. त्यामुळे कोण आलं, कोण अडकलं, हे सगळ्यांत आधी मला कळतं. आणि अडकलेल्यांची यादी रोज मोठी असते. यंदाचा आमचा नायक बेलापूरला नोकरीला आहे, तो ट्रान्स-हार्बर लोकलनं येतो. सून करणारी मुलगी ऐरोलीच्या आयटी कंपनीत. बिल्डरचं काम करणारा वागळे इस्टेटमध्ये शिफ्टला. आईचं मुख्य काम करणाऱ्या ताई डोंबिवलीला राहतात आणि नोकरी भायखळ्याला करतात. साडेसातची तालीम म्हणजे साडेसातला हॉलमध्ये पाचसहा माणसं, आणि त्यांतली निम्मी नाटकात नसलेली.

व्यावसायिक नाटकात ही अडचण नसते. तिथं तालीम हेच त्या दिवसाचं काम असतं. आमच्याकडे दिवसाचं काम संपवून, गर्दीतून ठाण्याला उतरून, घरी फोन करून मग तालीम. म्हणून आमच्याकडे प्रॉक्सी हा नाटकाचा पायाच आहे. जो आला नाही त्याच्या जागी जो आलाय तो उभा राहतो. वाक्यं पाठ नसली तरी चालतं, ती मी बाजूनं वाचते. उभ्या राहणाऱ्यानं फक्त योग्य जागी यायचं, योग्य जागी बसायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. हे सोपं वाटतं, पण ज्यानं रिकाम्या खुर्चीशी प्रसंगाची तालीम केली आहे त्याला विचारा.

यंदाचं नाटक आमच्यातल्याच एका शिक्षिकेनं लिहिलं. चरईतलं जुनं घर पुनर्विकासाला निघालंय आणि आई करारावर सही करत नाहीये, एवढीच गोष्ट. ठाण्यात प्रत्येक गल्लीत ही गोष्ट चाललेली आहे, त्यामुळे वाचनाच्या दिवशीच सगळे आपापल्या घरचं बोलायला लागले आणि वाचन अर्ध्यावर राहिलं.

आईच्या प्रॉक्सीला कोण उभं राहणार, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला. डोंबिवलीच्या ताईंना आठ वाजल्याशिवाय पोचता यायचं नाही, आणि आई तर प्रत्येक प्रसंगात. तेव्हा पोळीभाजीवाल्या काकू उठल्या. पाचपाखाडीत त्यांचं छोटं केंद्र आहे. नाटकात जेवणाचा प्रसंग आहे, त्यासाठी पोळ्या मी देईन, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि तेवढ्यापुरत्याच त्या येऊन बसायच्या. मुलगा अनेक वर्षांपूर्वी आमच्या शिबिरात होता, तेव्हापासूनची ओळख. स्वतः कधी स्टेजवर चढल्या नव्हत्या. "मला बोलायला नका लावू, बाकी सांगाल तिथं बसते," म्हणाल्या.

दुसऱ्या अंकात एक प्रसंग आहे. आई तांदूळ निवडत बसलीये, मुलगा करार घेऊन येतो, पेन पुढे करतो, बराच वेळ समजावतो. शेवटी आई म्हणते, मी सही करणार नाही, आणि पुढे सहा ओळींचं बोलते. चांगल्या ओळी होत्या, टाळी घेतील अशा. काकू सुपात खरोखरचे तांदूळ घेऊन बसल्या होत्या. प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकातल्या वस्तूंच्या, पेटीतले नव्हेत, केंद्रातून आणलेले. कारण खोटं निवडता येत नाही म्हणाल्या. नायकानं पेन पुढे केलं. काकूंनी पदराला हात पुसला, पेन घेतलं, सुपाच्या बाजूला जमिनीवर नीट आडवं ठेवलं आणि परत खडे शोधायला लागल्या.

मी पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं आणि दिग्दर्शकांनी हात वर करून मला थांबवलं. नायक तसाच उभा. त्याला पुढचं वाक्यच सुचेना, आणि न सुचणं हेच बरोबर होतं. खांद्याला पर्स तशीच अडकवलेली, केस पावसानं ओले, अशा डोंबिवलीच्या ताई तेव्हा दारात उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या काकूंसमोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, परत करून दाखवा. हात पुसलात तो आधी की पेनाकडे बघितलंत ते आधी?" काकूंना सांगता येईना. मग त्यांनी तीन वेळा करून दाखवलं, तिन्ही वेळा हात आधी पुसला आणि पेनाकडे बघितलंच नाही. ताईंनी तेच उचललं. त्या सहा ओळी गेल्या. लेखिकेनंच सांगितलं काढा म्हणून, आणि टाळीच्या ओळी स्वतःहून सोडणाऱ्या लेखकाबद्दल मला फार आदर आहे. माझ्या प्रतीत त्या ओळींवर पेन्सिलीची तिरकी रेघ आहे आणि समासात लिहिलंय, 'काकू'.

नाटक असं घडतं हे बाहेर कुणाला दिसत नाही, म्हणून मी हे लिहायला बसले.

सेटचंही सांगते. आमचे सुतारकाका कोपरीचे. दिवसभर लोकांच्या घरी फर्निचरची कामं करतात आणि सेट मात्र रात्री, स्वतःच्या अंगणात. सेट सुंदर असणं हा त्यांच्या मते पहिला निकष नाहीच. स्पर्धेत एका दिवसात सेट चढवायचा, प्रकाशयोजना करायची, प्रयोग करायचा आणि रात्रीच सगळं खाली करून टेम्पोत भरायचं. म्हणून प्रत्येक फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचा सुटा तुकडा, दोन माणसांनी उचलता आला पाहिजे आणि टेम्पोच्या दारातून आडवा न करता गेला पाहिजे, हे आधी. जोडाला बिजागऱ्या, त्यांच्या पिना सुट्या. पिन घातली की भिंत उभी, ओढली की भिंत मोकळी, खिळा ठोकायचं कामच नाही. पिना एका जुन्या दुधाच्या किटलीत असतात आणि ती किटली काका कुणाच्याही हातात देत नाहीत. चरईच्या घराची खिडकी त्यांनी खऱ्या पाडलेल्या घरातून आणली, गजांसकट. आमच्या उजेडवाल्या मुलानं, तो एरवी सोसायट्यांची वायरिंगची कामं करतो, त्या गजांची सावली आईच्या सुपावर पडेल असा एक दिवा बाहेरून लावला. त्या एका दिव्यासाठी तो तांत्रिक तालमीत दोन तास शिडीवर होता.

प्रयोगाच्या जागेचा प्रश्न मात्र आमच्या हातात नसतो. राम गणेश गडकरी रंगायतन १९७८ सालचं. मासुंदा तलावाच्या काठावर, स्टेशनपासून पायी. ते दुरुस्तीसाठी बंद झालं आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये परत उघडलं. मधल्या काळात घोडबंदर रोडचं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह हाच ठाण्यातला मोठा आधार, आणि सगळी व्यावसायिक नाटकंही तिथंच, त्यामुळे आमच्यासारख्यांना शनिवार-रविवार मिळणं कठीण झालं. नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या आजी, ज्या काठी टेकत चालत गडकरीला यायच्या, त्या तिकडे येऊ शकल्या नाहीत. रात्री परत यायला रिक्षा मिळेल की नाही, ही त्यांची धास्ती खरी होती. उलट मानपाड्याच्या नव्या टॉवरांतली बरीच तरुण कुटुंबं आम्हाला तिथं पहिल्यांदा मिळाली. आता आम्ही दोन्हीकडे जाऊ, असं ठरवलंय. शिवाय एक प्रयोग वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात व्हावा असं मला मनापासून वाटतं. १८४३ साली ५ नोव्हेंबरला सांगलीत भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं म्हणून आपण तो दिवस पाळतो, आणि आमची अर्धी नटमंडळी रोज नवी मुंबईतून लोकलनं येतात-जातात, पण तिथं आमचा प्रयोग अजून झालेला नाही.

पैशांचं थोडक्यात. वर्गणी, स्मरणिकेतल्या जाहिराती, आणि उरलेलं आमच्यापैकी ज्यांना जमतं त्यांच्या खिशातून. दरवर्षी भागतं.

स्पर्धेच्या प्रयोगाआधी एक वाद झाला, आणि त्यात मी कुणाचं ऐकलं नाही. पडदा उघडण्याआधी निवेदन होतं, रंगदेवतेला आणि नाट्यरसिकांना अभिवादन करून नावं वाचली जातात. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, कलाकार. मी म्हटलं, तालमीत प्रॉक्सीला उभे राहिलेल्यांचीही नावं घ्यायची. एक ज्येष्ठ म्हणाले, निवेदन लांबेल, प्रेक्षक कंटाळतील. मी हजेरीची वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. काकूंच्या नावापुढच्या खुणा डोंबिवलीच्या ताईंपेक्षा जास्त होत्या. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांनी बिल्डर, वकील आणि शेजारी अशा तिघांची प्रॉक्सी दिली, त्यांची एकही सुट्टी नव्हती. ज्येष्ठांनी वही दोन-तीन पानं चाळली आणि म्हणाले, "वाचा."

नावं वाचली गेली. काकू तेव्हा विंगेत पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. स्वतःचं नाव ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डबा गरम आहे ना हे परत हात लावून बघितलं. मध्यंतरात चहाच्या रांगेत दोन अनोळखी बायका त्या पेनाबद्दलच बोलत होत्या. एक म्हणाली, माझ्या सासूबाई अश्शाच.

आमचं नाटक अंतिम फेरीला गेलं नाही. पहिलं आलेलं नाटक आमच्याहून चांगलं होतं, मी ते पूर्ण बसून पाहिलं. डोंबिवलीच्या ताईंना अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. त्या निकालाच्या दिवशी संध्याकाळीच पाचपाखाडीला गेल्या. काकू म्हणाल्या, "आता प्रयोग गडकरीला लागला की सांगा, केंद्र बंद ठेवून समोरून बघणार आहे. मी ते नाटक अजून समोरून बघितलेलंच नाही."

तर पुढच्या जूनसाठी आत्ताच सांगून ठेवते. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, कोपरी, कळवा, कुठेही राहत असाल आणि संध्याकाळी साडेसातला पोचू शकत असाल, तर या. अभिनय आला पाहिजे असं नाही. पाठांतर तर मुळीच नको, वाचायला मी आहे.